नीरेचे पाणी आणि वाट्याचे गणित

पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा महामार्ग सारोळ्यापाशी नीरा नदी ओलांडतो आणि शिरवळला येतो. पुलाच्या अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे सातारा जिल्हा. नकाशात नदी ही हद्दीची रेघ म्हणून काढलेली असते. पण जमिनीची हद्द ठरवणे वेगळे आणि पाण्याची हद्द ठरवणे वेगळे. जमीन जागच्या जागी राहते. पाणी वाहते, मुरते, वाफ होऊन जाते आणि दरवर्षी सारखेही येत नाही. त्यामुळे नदीच्या दोन काठांवर राहणाऱ्यांनी तिचे पाणी कसे वाटून घ्यायचे, हा प्रश्न एकदा सोडवून संपत नाही. नीरेच्या खोऱ्यात तो जवळजवळ दीड शतक पुन्हापुन्हा समोर येत आहे.

आपण शाळेत 'पाणी वाचवा' हे शिकवतो, जलचक्र शिकवतो, धरणांची नावे पाठ करून घेतो. पाणी कमी पडले तर कोणाच्या वाट्यातून किती कमी करायचे, हे मात्र आपल्या कोणत्याच विषयात नीट येत नाही. विज्ञानाच्या शिक्षकाला तो नागरिकशास्त्राचा प्रश्न वाटतो, नागरिकशास्त्राच्या शिक्षकाला गणिताचा. नीरेचा इतिहास पाहिला की तो तिन्हींचा आहे हे ध्यानात येते.

पाऊस वर, तहान खाली

नीरा भोर तालुक्यात सह्याद्रीच्या माथ्याजवळ उगम पावते. तेथे पावसाळ्यात काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून ती पूर्वेला वाहते. भोर, शिरवळ, वीर ओलांडून ती फलटण आणि बारामतीच्या मधून जाते आणि इंदापूर तालुक्यात नरसिंगपूर येथे भीमेला मिळते. फलटण-बारामतीच्या पट्ट्यात वर्षाचा पाऊस सरासरी ५०० मिलिमीटरच्या आसपास, आणि तोही बेभरवशाचा. म्हणजे पाणी पडते त्या डोंगरात शेतीयोग्य सपाट जमीन थोडी, आणि चांगली काळी जमीन आहे तेथे पाऊस नाही. पश्चिम महाराष्ट्रातील बहुतेक नद्यांची हीच कथा आहे. डोंगरातले पाणी अडवायचे आणि कालव्याने पूर्वेला न्यायचे ही कल्पना या भूगोलातूनच निघाली.

ती अमलात आणायला भाग पाडले ते १८७६-७८ च्या भीषण दुष्काळाने. दख्खनमध्ये लाखो माणसे त्यात दगावली. मुंबई इलाख्याच्या सरकारने त्यानंतर दुष्काळी पट्ट्याचे रक्षण करणारी पाटबंधाऱ्याची कामे मनावर घेतली. नीरेची उपनदी वेळवंडी हिच्यावर, तेव्हाच्या भोर संस्थानच्या हद्दीत, भाटघर येथे दगडी धरण बांधायला घेतले गेले. धरणातून सोडलेले पाणी नदीच्याच पात्रातून खाली यायचे, वीर येथे बंधाऱ्याने अडवले जायचे आणि तेथून नीरा डाव्या कालव्यात वळायचे. हा कालवा १८८५ मध्ये वाहू लागला आणि पुरंदर, बारामती, इंदापूर या भागांतील जमिनीला पाणी मिळू लागले.

येथे एक विचित्र गोष्ट घडली, आणि ती पुढच्या साऱ्या इतिहासाची किल्ली आहे. कालवा दुष्काळासाठी बांधला, पण चांगल्या पावसाच्या वर्षी ज्वारी-बाजरीचा शेतकरी कालव्याचे पाणी घेईना. काळी जमीन ओल धरून ठेवते. पाऊस बरा झाला तर पाणीपट्टी कशाला भरायची? पाऊस हुकला की मात्र सगळेच कालव्यावर धावत. पाणी भरपूर असताना मागणी कमी, आणि पाणी तोकडे असताना मागणी दुप्पट. या दोन टोकांच्या मध्ये एक पीक असे होते ज्याला दरवर्षी, बाराही महिने पाणी लागे आणि जे पाणीपट्टीही भरून काढी. ते म्हणजे ऊस. साहजिकच कालव्याचे पाणी उसाकडे वळले. दुष्काळात ज्वारी वाचवण्यासाठी काढलेला कालवा गुळाचा कालवा झाला.

विश्वेश्वरय्यांचे ब्लॉक

विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे मुंबई सरकारच्या नोकरीत पुण्याकडे कार्यकारी अभियंता होते. १९०१ मध्ये नेमलेल्या भारतीय पाटबंधारे आयोगासमोरही मुंबई इलाख्यातील कालव्यांचे पाणी पुरेसे वापरले जात नाही, हा प्रश्न होता. विश्वेश्वरय्यांनी यावर जी योजना मांडली ती 'ब्लॉक पद्धत' या नावाने ओळखली जाते.

कल्पना साधी होती. एका गावाच्या वाट्याला किती पाणी येणार हे आधी ठरवायचे. त्या गावातील चांगली निचऱ्याची जमीन निवडून तिचा सलग तुकडा, म्हणजे ब्लॉक, आखायचा. ब्लॉकच्या एका भागात ऊस घ्यायचा, उरलेल्या भागात कमी पाण्याची पिके, आणि दरवर्षी आळीपाळीने त्यांची जागा बदलायची. पाण्याची मंजुरी एका हंगामापुरती न देता काही वर्षांसाठी द्यायची. त्यामुळे शेतकऱ्याला भरवसा मिळतो आणि खात्याला आधीच हिशोब करता येतो. विखुरलेल्या शेतांना पाणी देत फिरण्यात जे पाणी वाटेत मुरते ते वाचते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, वरच्या चार गावांनी सगळा ऊस लावून खालच्या गावांना कोरडे ठेवायचे, याला आळा बसतो.

ही पद्धत नीरा कालव्यावर वापरात आली. शेतकऱ्यांना ती सुरुवातीला जाचक वाटली, कारण कोणत्या वावरात काय लावायचे हे आता फक्त त्यांच्या मर्जीवर राहणार नव्हते. पण तिच्यातील मूळ विचार पुढे टिकला: टंचाई येण्याच्या आधी वाटा ठरवायचा. पाणी आटल्यावर वाटा ठरवायला बसले की ती वाटणी राहत नाही, ओढाताण होते.

मोजल्याशिवाय वाटा नाही

वाटा ठरवला तरी तो मोजणार कसा? कालव्यातील पाणी धान्यासारखे पायलीने मोजता येत नाही. पाटकरी पाण्याच्या खोलीवर नजर ठेवतो. परंतु नजर येथे फसवते.

या कामी मोठी भर घातली ती सी. सी. इंग्लिस या अभियंत्याने. मुंबई सरकारने १९१६ मध्ये पाटबंधाऱ्याच्या संशोधनासाठी एक विशेष शाखा स्थापन केली. खडकवासल्याचे आजचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र तिच्यातूनच वाढले. दख्खनच्या कालव्यांवर काम करताना इंग्लिस यांनी 'स्टँडिंग वेव्ह फ्ल्यूम' या मोजणीच्या रचनेचा विकास केला. तिच्यात कालव्याचा गळा एका ठिकाणी अरुंद करतात आणि तळ थोडा उंच करतात. पाणी त्या गळ्यातून वेगाने जाते आणि पुढे एक उभी लाट तयार होऊन तेथेच थांबून राहते. या लाटेमुळे खालच्या पाण्याच्या चढउताराचा परिणाम वर पोचत नाही. मग गळ्याच्या वरच्या बाजूला पाणी किती खोल आहे एवढे एकच माप घेतले की प्रवाह काढता येतो.

प्रवाह या खोलीच्या दीडाव्या घाताच्या प्रमाणात बदलतो. वर्गात हे करून पाहावे. गळ्याच्या वर ४ फूट पाणी होते ते ३ फूट झाले. पाहणारा म्हणेल, पाव भाग कमी झाला. पण ०.७५ चा दीडावा घात येतो सुमारे ०.६५. म्हणजे पाणी पाव भागाने नव्हे, तर पस्तीस टक्क्यांनी कमी झाले. दोन गावांच्या भांडणात एक जण डोळ्याने पाहून बोलतो आणि दुसरा मोजून. दोघेही खोटे बोलत नसतात, तरी त्यांचे जमत नाही.

दुसरे एक गणितही विद्यार्थ्यांना सांगावे. वर्तमानपत्रात धरणाचा साठा टीएमसीमध्ये असतो आणि कालव्याचा विसर्ग क्युसेकमध्ये. टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २.८३ कोटी घनमीटर. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर १,००० क्युसेकचा कालवा दिवसाला ८.६४ कोटी घनफूट पाणी नेतो, आणि एक टीएमसी संपायला साडेअकरा दिवसांहून थोडे अधिक लागतात. कालव्याचे एक आवर्तन पंधरा दिवसांनी लांबले म्हणजे धरणातून नेमके काय गेले, हे यावरून कळते.

दुसरा कालवा, दुसरा हक्कदार

पहिले धरण पुरेना. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून भाटघरलाच जुन्या धरणाच्या खालच्या अंगाला पुष्कळ मोठे नवे दगडी धरण बांधले गेले आणि जुने धरण त्याच्या पाण्यात बुडाले. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांचे नाव त्याला मिळाले. १९२० च्या दशकाच्या अखेरीस ते पुरे झाले. आज त्याच्या जलाशयाला येसाजी कंक यांचे नाव आहे. या साठ्याच्या जोरावर नीरा उजवा कालवा निघाला. तो साताऱ्याच्या बाजूने खंडाळा तालुक्यातून, तेव्हाच्या फलटण संस्थानातून, पुढे माळशिरस आणि पंढरपूरकडे गेला. दोन्ही कालव्यांची लांबी प्रत्येकी दीडशे किलोमीटरहून अधिक आहे.

उजव्या कालव्याच्या पाण्याने माळरानाचे रूप पालटले. सासवडच्या माळी समाजातील शेतकरी कालव्याच्या कडेने जमिनी करत अकलूजच्या परिसरात गेले आणि १९३० च्या दशकात त्यांनी माळीनगरचा साखर कारखाना उभा केला. फलटणजवळ साखरवाडी, इंदापूरकडे वालचंदनगर हीही त्याच काळातील नावे. पाणी आले, ऊस आला, कारखाना आला. आणि कारखाना एकदा उभा राहिला की त्याला दरवर्षी ऊस लागतोच. कालव्यावरची मागणी अशी लवचीक न राहता घट्ट होत गेली.

आता एकाच धरणावर दोन हक्कदार झाले. डावा कालवा वयाने मोठा. उजव्याचे क्षेत्र मोठे. १९६० च्या दशकात शिरवळच्या खालच्या बाजूला वीरच्या जुन्या बंधाऱ्याच्या जागी धरण झाले आणि दोन्ही कालव्यांना तेथून पाणी मिळू लागले. स्वातंत्र्योत्तर काळात ठरलेल्या वाटणीप्रमाणे जुन्या साठ्याच्या पाण्यातील ५७ टक्के उजव्या कालव्याला आणि ४३ टक्के डाव्या कालव्याला, असे प्रमाण या भागात सर्वांच्या तोंडी आहे.

वाट्याला टक्के की टीएमसी?

टक्क्यांत वाटणी करण्याचे महत्त्व टंचाईच्या वर्षी कळते. ते पाहण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. भाटघरचा उपयुक्त साठा २३.५ टीएमसी, वीरचा ९.४ टीएमसी, दोन्ही मिळून ढोबळमानाने ३३ टीएमसी. धरणे भरली तर वरच्या प्रमाणाने उजव्याला १८.८१ आणि डाव्याला १४.१९ टीएमसी येतात. समजा, एका वर्षी फक्त २० टीएमसी जमले. १३ टीएमसीची तूट कशी वाटायची?

पहिला मार्ग प्रमाणाचा. २० चे ५७ आणि ४३ टक्के: उजव्याला ११.४०, डाव्याला ८.६०. दुसरा मार्ग वडीलकीचा: जुन्या कालव्याने आपले १४.१९ पुरते घ्यावे आणि उरलेले ५.८१ नव्याने. अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत पाण्याचा कायदा पुष्कळसा याच तत्त्वावर उभा आहे. जो आधी आला त्याचा हक्क आधी. तिसरा मार्ग तोटा समान वाटण्याचा: दोघांचेही ६.५ कमी करायचे, म्हणजे उजव्याला १२.३१ आणि डाव्याला ७.६९. चौथा मार्ग गरजेचा: पिण्याच्या पाण्यासाठी आधी, समजा, ३ टीएमसी बाजूला ठेवायचे आणि राहिलेल्या १७ चे प्रमाणात ९.६९ आणि ७.३१ असे भाग करायचे.

धरण एक, पाणी एक, तूट एक, उत्तरे चार. आणि प्रत्येक उत्तराला कोणीतरी 'हाच न्याय' म्हणेल. विद्यार्थ्यांचे चार गट करून प्रत्येकाला एकेक उत्तर पटवून द्यायला सांगितले तर वाद रंगेल. आमचे मत विचाराल तर चौथ्या मार्गात न्याय अधिक आहे. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की चारांपैकी कोणता मार्ग घ्यायचा, हे धरण रिकामे होण्यापूर्वी लिहून ठेवलेले असले पाहिजे.

ठरलेले आकडे लिहून ठेवणे मात्र पुरेसे नसते, हे कोलोरॅडो नदीने जगाला दाखवले. १९२२ मध्ये अमेरिकेतील सात राज्यांनी या नदीचे पाणी वरचे खोरे आणि खालचे खोरे असे विभागून घेतले. प्रत्येकाला वर्षाला ७५ लाख एकर-फूट. वाटणी टक्क्यांत नव्हती, ठोक आकड्यांत होती, आणि ज्या वर्षांच्या नोंदींवरून ती केली ती वर्षे नेमकी चांगल्या पावसाची निघाली. कागदावर वाटलेले पाणी नदीत वाहणाऱ्या पाण्याहून जास्त झाले. १९४८ मध्ये वरच्या खोऱ्यातील राज्ये आपसांत बसली तेव्हा त्यांनी मुख्यतः टक्क्यांत वाटे ठरवले. खालच्या खोऱ्यात तूट साचत गेली आणि ऑगस्ट २०२१ मध्ये तेथे प्रथमच अधिकृतपणे टंचाई जाहीर करावी लागली.

आपल्याकडे कृष्णा पाणीतंटा लवादाने हा धोका वेगळ्या रीतीने हाताळला. नीरा भीमेला मिळते आणि भीमा कृष्णेला, म्हणून नीरेचा प्रत्येक थेंब या लवादाच्या हिशोबात आहे. न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखालील हा लवाद १९६९ मध्ये नेमला गेला. त्याने कृष्णेचे ७५ टक्के विश्वासार्हतेचे पाणी २,०६० टीएमसी धरले आणि त्यातील महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, आंध्र प्रदेशाला ८०० असा वाटा दिला. ७५ टक्के विश्वासार्हता म्हणजे चार वर्षांतील तीन वर्षे एवढे किंवा अधिक पाणी येईल असा हिशोब. चौथ्या वर्षाचे काय, हा प्रश्न राज्याला आपल्या खोऱ्यात आणि प्रत्येक कालव्याला आपल्या गावांत सोडवावा लागतो.

नवी धरणे, नवे वाटेकरी

दर वेळी पाणी कमी पडले की नवे धरण बांधावे, म्हणजे भांडण मिटेल, असे वाटत आले. नीरेच्या खोऱ्यात पुढे नीरा-देवघर आणि गुंजवणी ही धरणे झाली. आज भाटघर २३.५, नीरा-देवघर ११.७३, वीर ९.४ आणि गुंजवणी ३.६९, असा चार धरणांचा उपयुक्त साठा सुमारे ४८ टीएमसी होतो. भांडण मिटले का? उलट वाटेकरी वाढले.

नीरा-देवघरचे पाणी भोर, खंडाळा, फलटण आणि माळशिरस या तालुक्यांसाठी होते. धरण भरू लागले तरी त्याचे कालवे वर्षानुवर्षे अपुरे राहिले. कालवा नसल्यामुळे पाणी नदीतून वीरला येई आणि तेथून जुन्या दोन कालव्यांत जाई. या न वापरलेल्या पाण्याचे ६० टक्के डाव्या कालव्याला आणि ४० टक्के उजव्याला, अशी तात्पुरती व्यवस्था झाली. तिची मुदत २०१७ मध्ये संपली, पाणी मात्र तसेच वाहत राहिले. जून २०१९ मध्ये शासनाने डाव्या कालव्याकडे जाणारे हे पाणी थांबवले आणि फेब्रुवारी २०२० मध्ये नव्या शासनाने टक्केवारी बदलून ते पुन्हा दोन्ही कालव्यांत वाटण्याचे ठरवले.

वर्तमानपत्रांनी हा प्रसंग बहुधा नेत्यांच्या कुस्तीसारखा रंगवला. आपण त्यातला जलव्यवस्थेचा धडा पाहू. 'तात्पुरते' म्हणून दिलेल्या पाण्यावर कोणी ऊस लावला, कोणी विहिरीवर कर्ज काढले, कोणत्या गावाने नळयोजना बांधली. कालव्यातून मुरणाऱ्या पाण्याने कडेच्या विहिरी भरतात, तो तर कागदावर नसलेला आणखी एक वाटा. दहा वर्षांत तात्पुरते पाणी हक्काचे वाटू लागते. आणि ज्याच्या नावाने धरण बांधले तो खंडाळ्याचा किंवा माळशिरसचा शेतकरी आपल्या कालव्याची वाट पाहत असतो. दोघांनाही आपली बाजू खरी वाटते, आणि दोघांच्याही बाजूत खरेपणा आहे.

आता शेतीखेरीजही वाटेकरी आहेत. बारामती, फलटण यांसारखी शहरे आपले साठवण तलाव कालव्याच्या पाण्याने भरतात. शिरवळ परिसरात कारखाने उभे राहिले आहेत. राज्याच्या २००३ च्या जलनीतीत पिण्याच्या पाण्यानंतर उद्योगांना आणि मग शेतीला असा अग्रक्रम होता; २०११ मध्ये तो बदलून शेतीला दुसरे स्थान देण्यात आले. टंचाईच्या वर्षी कालवा सल्लागार समितीची बैठक होते तेव्हा नगरपालिका, ग्रामपंचायती, कारखाने आणि शेतकरी हे सारे एकाच आवर्तनाकडे डोळे लावून असतात.

पाणी जमिनीला की माणसाला?

आतापर्यंतच्या साऱ्या वाटणीत एक गोष्ट गृहीत आहे: पाणी जमिनीला मिळते. ज्याची जमीन कालव्याखाली, त्याचे पाणी. वीरच्या कालव्याचा उगम पुरंदर तालुक्याच्या काठाशी आहे, पण त्याच तालुक्याचा मोठा भाग कालव्याहून उंच आणि म्हणून कोरडा. १९७२ च्या दुष्काळात तेथील हाल पाहून विलासराव साळुंखे यांनी पुरंदरमधील नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग सुरू केला. तिचा नियम वेगळा होता. पाणी एकराच्या हिशोबाने नाही, माणसांच्या हिशोबाने द्यायचे. माणशी अर्ध्या एकरापुरते, आणि पाच माणसांच्या कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांपुरते. भूमिहीनालाही वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जात नाही. आणि उसाला पाणी नाही.

सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यातील तांदुळवाडी आणि बलवडी या गावांच्या लोकांनी १९८० च्या दशकात येरळा नदीवर 'बळीराजा' धरण बांधले. नदीतील थोडी वाळू विकून पैसा उभा करण्याचा हक्क त्यांनी सरकारकडून झगडून मिळवला, आणि पाणी भूमिहीनांसह सर्व घरांना सारखे हा नियम ठरवला. समन्यायी पाणीवाटपाची हीच मागणी घेऊन आटपाडी आणि शेजारच्या दुष्काळी तालुक्यांत १९९३ पासून मोठी चळवळ उभी राहिली. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी आणि डॉ. भारत पाटणकर ही तिच्यातील ठळक नावे.

हे प्रयोग आकाराने लहान. त्यांतील पाणी नीरेच्या एका वितरिकेइतकेही नसेल. पण त्यांनी दाखवून दिले की वाटणीचा नियम निसर्ग ठरवत नाही. माणसे ठरवतात आणि म्हणून ती तो बदलूही शकतात. शासनाच्या पातळीवरही असा विचार झाला होता. वि. म. दांडेकर, दत्ता देशमुख आणि देऊसकर यांच्या समितीने १९७९ मध्ये कालव्यांनी बारमाही पाणी न देता आठमाही द्यावे, म्हणजे तेच पाणी कितीतरी अधिक शेतकऱ्यांपर्यंत पोचेल, असे मांडले. परंतु जुन्या कालव्यांवर ऊस आणि कारखाने तोवर कायमचे बसले होते.

कायद्याने काय दिले

महाराष्ट्राने २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा केला. असे प्राधिकरण नेमणारे हे देशातील पहिले राज्य. या कायद्यातील एक तरतूद आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाची आहे: खोऱ्यातील धरणांचे पाणी असे वापरावे की ऑक्टोबरच्या अखेरीस सर्व धरणांत पाण्याची टक्केवारी साधारण सारखी राहील. म्हणजे तूट एकट्याने सोसायची नाही, सर्वांनी प्रमाणात सोसायची. त्याच वर्षी शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्थांचाही कायदा झाला. एकेका शेतकऱ्याला पिकाच्या क्षेत्रावर पाणी देण्याऐवजी संस्थेला पाणी मोजून द्यावे आणि आतली वाटणी तिने करावी, हे त्याचे सूत्र.

दोन्ही कल्पना नव्या नाहीत. टंचाईपूर्वी वाटा ठरवणे हे विश्वेश्वरय्यांनी मांडले होते. मोजून देणे हे इंग्लिस यांच्या फ्ल्यूमने शक्य केले होते. तूट सर्वांनी सोसणे हे नायगावच्या पंचायतीने करून दाखवले होते. कमी होती ती या तीन गोष्टी एकत्र आणण्याची. वाटा ठरलेला पण मोजलेला नाही, तर वरचा घेतो आणि शेपटाकडचा पाहत राहतो. मोजलेला पण आधी ठरलेला नाही, तर तो बैठकीत जोर असलेल्याकडे जातो. ठरलेला आणि मोजलेलाही, पण भूमिहीन आणि उंचावरची गावे त्यात नाहीत, तर तो बिनचूक मोजलेला अन्याय होतो.

नीरेच्या काठावरील किंवा कोणत्याही कालव्याजवळच्या शाळेला या विषयाचा अभ्यास सहज करता येईल. आपल्या धरणाचा गेल्या दहा वर्षांतील ऑक्टोबरअखेरचा साठा मिळवावा आणि आलेख काढावा. गावाच्या चारीवर यंदा किती आवर्तने आली, प्रत्येक किती दिवस चालले, शेवटच्या शेताला पाणी किती दिवसांनी पोचले, याची नोंद पाटकऱ्याला आणि शेतकऱ्यांना विचारून करावी. कोणाच्या घरी विहीर आहे, कोणाचे शेत चारीच्या तोंडाशी, कोणाचे शेपटाला, कोणाला शेतच नाही, हेही मुलांनी लिहावे. मग साठा निम्मा धरून गावाची वाटणी मुलांनाच करू द्यावी. बेरीज बरोबर येणे सोपे असते. आपल्या वाट्यातून काही कमी झाले आहे, हे वर्गातल्या प्रत्येक मुलाला मान्य होईल अशी वाटणी काढणे अवघड असते. ते अवघड काम लहानपणी एकदा हाताखालून गेलेला विद्यार्थी उद्या पाणीवापर संस्थेच्या सभेत बसला, तर आपला आकडा मागण्यापूर्वी शेपटाच्या शेतकऱ्याचा आकडा विचारील.